मैनाच्या पायाखालची फरशी

वलगावात कोणालाही विचारा, प्रीतम मिस्त्रीचं काम कसं ओळखायचं. लोक सांगतील, फरशीत वाकून पाहा. तोंड दिसलं तर प्रीतमचं, नाही दिसलं तर दुसऱ्या कोणाचं. ही गोष्ट मीच पसरवली, तो भाग वेगळा. बावीस वर्षं झाली, मी फरशी बसवतो. काम संपलं, टाइल पुसून कोरडी झाली, की मी खिशातला कंगवा काढतो, घरमालकाच्या देखत त्या फरशीत वाकून पाहतो आणि भांग पाडतो. मालक हसतो, मालकीण हसते, आणि शेजारच्या घरचं काम तिथंच पक्कं होतं. अमरावतीच्या कॅम्पातल्या किती बंगल्यांत मी असा भांग पाडला असेल, त्याला मोजदाद नाही. आता डोक्यावर भांग पाडण्याइतके केस उरले नाहीत, पण सवय गेली नाही.

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी मी आमच्या स्वतःच्या दोन खोल्यांत पांढरी चकचकीत टाइल बसवली. जन्मभर लोकांच्या घरात चमक नेऊन ठेवायची आणि आपल्या घरी शेणाचं सारवण, याची मला लाज वाटायची. ते सारवण माझी आई करायची. दुर्गाबाई तिचं नाव, आम्ही माय म्हणतो. दर आठ दिवसांनी ती गुडघ्यावर बसून सगळं घर सारवायची आणि मागे सरकत सरकत दारातून बाहेर निघायची. शेवटची टाइल बसली तेव्हा मी तिला बोलावून म्हटलं, "माय, सुटली तू आता." मग कंगवा काढला आणि भांग पाडला. माझी बायको दीक्षा पोट धरून हसली. माय दारात उभी होती. "सुंदर झालं रे," म्हणाली आणि चप्पल काढून तिनं पहिलं पाऊल असं टाकलं, जसं नदीत उतरताना टाकतात. ते पाऊल मी पाहिलं होतं. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

चार महिन्यांनी ती पडली. मोरीतून ओल्या पायांनी खोलीत आली आणि धाडकन आडवी झाली. उजवा खुबा मोडला. मी धावत आलो आणि तिला उचलण्याआधी ओरडलो, "पायाखाली पाहून चालता येत नाही का तुले?" मला माझा हा स्वभाव माहीत आहे. भीती वाटली की मी ओरडतो. दुसरी माणसं रडत असतील, घामाघूम होत असतील, माझा आवाज चढतो. पण पडलेल्या माणसाला आवाज ऐकू येतो, भीती ऐकू येत नाही.

ऑपरेशन झालं, आत पट्टी-स्क्रू बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत राहिलो की मायला डोळ्यांनी कमी दिसतं, पाहून चालत नाही. मायसुद्धा मान हलवायची. "माहीच चूक झाली बाप्पा," म्हणायची. हे इतक्या वेळा झालं की शेवटी ते खरंच ठरलं.

हाड जुळलं. उन्हाळ्यात हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, आता यांना चालवा, रोज चालवा. दिवाळीपर्यंत पायावर उभ्या राहिल्या नाहीत तर पायातली ताकद जाईल, मग खाटेवरच दिवस काढावे लागतील. मी वॉकर आणला. माय वॉकर धरायची, उठायची, एक पाऊल टाकायची, आणि तिचे दोन्ही गुडघे थरथरायला लागायचे. मग ती खाटेवर परत बसायची आणि म्हणायची, "उद्या पाहू." उद्या उद्या करत आषाढ सरला. मी चिडायचो. म्हणायचो, "डॉक्टर म्हणते हाड चांगलं हाये, तू काहून भेतं?" ती खिडकीतून मागे पाहत बसायची.

मागे तिच्या बकऱ्यांचा कोठा होता. कोठा मीच बनवला होता, बंगल्यांमधून काढून टाकलेल्या चौकटी, जुनी टिनं आणि बांबू जोडून. आत दोन बकऱ्या. एक म्हातारी, ठेंगणी, तिला नाव नव्हतं. दुसरी मैना, अंगानं पांढरी आणि कान काळे. मैना मायचा जीव की प्राण होती, कारण तिची आई ती दोन दिवसांची असताना मेली आणि मायनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आता मैना गाभण होती. पोट पाहून शकीला खालानं सांगितलं होतं की दोन पिल्लं आहेत.

शकीला खाला आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. तिच्याकडे बारा बकऱ्या. तिला बकरीच्या चालण्यावरून तिचं पोट दुखतं की खूर, हे समजतं. आणि तोंड असं की समोरचा मिस्त्री आहे की मंत्री, ती पाहत नाही.

श्रावणात मैना लंगडायला लागली. कोठ्यात खाली माती होती. वरून पाऊस, खालून मूत आणि लेंड्या, सगळा चिखल झाला होता आणि त्यात बकऱ्या दिवसभर उभ्या. खुरांच्या मधली कातडी सडायला लागली होती. खिडकीतून माय रोज म्हणायची, "अरे, त्याइच्या खाली काही टाक ना. गाभण हाये ते. चिखलात व्याली त पिल्लं जगतीन का?" आणि एक दिवस म्हणाली, "मैना व्यायच्या वेळी मले कोठ्यात जायचं हाये. कसंबी करून." डॉक्टरांनी सांगून जे झालं नाही, मी ओरडून झालं नाही, ते त्या बकरीच्या पोटानं होईल असं मला वाटलं. मी ठरवलं की कोठ्याला फरशी करायचीच.

आता फरशीच्या माणसानं कोणाला काय विचारायचं? तरी विचारलं. दीक्षानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात बकऱ्या प्लास्टिकच्या जाळीच्या मचाणावर उभ्या होत्या आणि लेंड्या आपोआप खाली पडत होत्या. बकऱ्या आमच्यापेक्षा चांगल्या घरात राहत होत्या. तशी जाळी इकडं कुठं मिळते ते कोणाला माहीत नव्हतं. खाला म्हणाली की तिनं एकदा बाभळीच्या पट्ट्यांचं मचाण केलं होतं. मूत लागून लाकूड दोन वर्षांत कुजलं आणि एका पिल्लाचा पाय फटीत अडकला. रबराची चटई टाकली तर वरून साफ दिसते, पण तिच्याखाली मूत साचून असा वास सुटतो की बकरीच शिंकते. मुरूम टाकला तर तो मूत पितो, दरवर्षी उकरून नवा टाकावा लागतो.

"सिमेंटचा कोबा कर," खाला म्हणाली. "खरबुडा. मांगं ढाळ देऊन."

खरबुडा कोबा! बावीस वर्षं चमक विकणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं खडबडीत कोबा करायचा? माझ्याकडे एका बंगल्याच्या हॉलच्या उरलेल्या टाइली पडून होत्या, दुधी रंगाच्या, त्यात आकाश दिसायचं. कोठ्याला बरोबर पुरत होत्या. त्यावर एक बालटी पाणी मारलं, झाडू फिरवला, की झालं. पाणी पीत नाहीत, वास धरत नाहीत, पन्नास वर्षं हलत नाहीत. यापेक्षा साफ करायला सोपं जगात काय आहे?

खाला भिंतीवरून पाहत होती. "अबे मिस्त्री, बकरी काय आरशात तोंड पायणार हाये का?"

"खाला, एक बालटी पाण्यात साफ होते. ना चिखल, ना वास."

"साफ त होईन. पण बकरी उभी कशी राहीन? खुराले काही धराले पायजे ना, बेटा."

"तुमी बकऱ्या पाहा, खाला," मी म्हणालो. "फरशी माह्यावर सोडा."

दोन दिवसांत मी कोठा चकाचक केला. सांधे असे भरले की नख अडकणार नाही. मग कंगवा काढला. दीक्षा म्हणाली, "अवो, बकऱ्याइसमोर तरी राहू द्या." मी तरीही भांग पाडला.

मैना आत यायला तयार नव्हती. उंबऱ्याशी आली, एक खूर टाइलवर ठेवला, वाजवून पाहिला आणि मागे घेतला. मी दोरी धरून ओढली, तर चारही पाय ताठ करून ती मागे रेटायला लागली. शेवटी उचलून आत ठेवली. कोपऱ्यात एक पोतं पडलं होतं, त्यावर जाऊन ती उभी राहिली आणि तिथून हललीच नाही. चारा तोंडापुढे नेला तर खायची, पाण्याकडे जायची नाही. म्हातारी ठेंगणी आल्या आल्या भिंतीला टेकून बसली, ती उठायचं नाव घेईना.

मायनं विचारलं, "मैना फिरते का रे आत?"

"नाही. एकाच जागी उभी राहते. जिद्दी हाये तुही बकरी."

"भेत असन ते," माय म्हणाली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मला तिचा थोडा रागच आला. मैना चांगल्या जागेत राहायला गेली याचा हिला आनंद नाही, असं वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी दीक्षानं कोठ्यात पाणी मारलं आणि झाडून काढलं. फरशी ओली होती. मी सुबाभळीचा पाला घेऊन आलो. मैनाला दोन दिवसांत नीट पाला मिळाला नव्हता. तिनं पाला पाहिला, पोत्यावरून उतरली आणि माझ्याकडे दोन पावलं आली. तिसऱ्या पावलाला तिचे मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले आणि ती एवढं पोट घेऊन थाडकन फरशीवर बसली. उठायला गेली, पाय परत सरकले. परत उठायला गेली, परत सरकले. मग ती ओरडायला लागली. बकरी अशी ओरडते की वाटतं लहान मूल आहे.

पाला माझ्या हातातून पडला. मी ओरडलो, "पायाखाली पाहून चालता येत नाही का तुले?"

दीक्षाच्या हातातला झाडू थांबला. ती माझ्याकडे पाहत राहिली. मीही जागच्या जागी उभा राहिलो, कारण ते शब्द मी पूर्वी कोणाला म्हटले होते ते मला आठवलं. तेच शब्द, तोच आवाज. आतून मायचा आवाज आला, "कोन पडलं वो? मैना ना?"

"हो, माय," दीक्षा म्हणाली.

"मले आवाजावरूनच समजलं," माय म्हणाली. "त्या फरशीवर तसाच आवाज होते."

मी खाली बसलो. मैनाचं डोकं मांडीवर घेतलं. बकरीला कोण म्हणेल की तुझे डोळे अधू आहेत? बकरीला कोण म्हणेल की वय झालं, पाहून चालत जा? ती तर आत यायलाच तयार नव्हती. मीच उचलून आणली होती. आणि माय? तिनं तर पहिल्याच दिवशी पाऊल कसं टाकलं होतं! दहा महिने मी गावभर सांगत फिरलो की माझी आई पाहून चालत नाही. मला त्या ओल्या फरशीवर बसल्या बसल्या इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

दीक्षानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. कुंदन साहेब मोटरसायकलवर आले. त्यांनी मैनाचे पाय दाबून पाहिले, पोटाला कान लावला. हाड मोडलेलं नव्हतं, मांड्यांचे स्नायू ताणले होते. म्हणाले, मागच्या दोन्ही पायांत मऊ पट्टी बांधा, सैल, एक वीत अंतर ठेवून, म्हणजे पाय फाकणार नाहीत. कोरड्या मातीवर गवत अंथरून ठेवा. उठली तर आठ दिवसांत उठेल, पिल्लांचं तेव्हाच कळेल. मग फरशीकडे पाहून त्यांनी विचारलं, "ही कोणी सुचवली?"

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी मला नावं ठेवली नाहीत. "माझ्या बाथरूममध्ये पण हीच आहे," म्हणाले. "मी चटई टाकून आंघोळ करतो." डॉक्टर असा असावा.

पट्टीला काय घ्यावं, तर मायनं खाटेखालच्या पेटीतून आपलं जुनं लुगडं काढायला लावलं. "हे फाडा. धुऊन धुऊन नरम झालं हाये." मी ते फाडलं आणि मैनाच्या पायांत बांधलं. ओसरीच्या मातीवर गवत टाकून तिला तिथं निजवलं.

त्या दुपारी मी घण आणि छन्नी घेऊन कोठ्यात शिरलो. आपल्या हातची फरशी फोडणं सोपं नसतं. पण मला त्या दिवशी प्रत्येक घावाला बरं वाटत होतं. खाला भिंतीवरून पाहत होती. मला वाटलं आता ही तोंडसुख घेईल, आणि घेतलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. ती म्हणाली, "हातमोजे घाल, कापन." आणि घरात गेली. थोड्या वेळानं तिनं भिंतीवरून चहाचा ग्लास पुढे केला.

मग मी खालाला सगळं पहिल्यापासून विचारलं, शिकाऊ माणूस विचारतो तसं. खाली मुरूम टाकून धुम्मसानं ठोकला. त्यावर गिट्टी, वाळू, सिमेंटचा चार इंच कोबा. मागच्या भिंतीकडे ढाळ दिला आणि तिथं नाली काढून पाणी परसातल्या केळीत सोडलं. तांब्याभर पाणी ओतून ढाळ पाहिला. इथवर माझं शिक्षण कामी आलं. पण कोबा ओला असताना वरचा भाग खरबुडा करायचा, ते मला जमेना. माझा हात गुळगुळीत करायला शिकलेला. थापी हातात घेतली की मी नकळत घोटायलाच लागायचो. खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या, तर खिडकीतून माय ओरडली, "आडवं नको ओढू! लेंड्या अटकतीन." उभ्या ओढल्या, तर म्हणाली, "उभं बी नको. ढाळावर पाय घसरीन."

"मंग कसं ओढू?" मी वैतागून म्हणालो.

"सारवणाची बोटं कशी ओढते मी? तशी."

सारवताना ती चार बोटांनी अर्धा गोल ओढायची, त्याला चिकटून दुसरा, त्याला चिकटून तिसरा. मी लहानपणी त्या गोलांवरून बोट फिरवत बसायचो. ते शोभेसाठी असतात, असंच मला आजवर वाटत होतं.

"मले बाहेर ने," माय म्हणाली. "सांगून नाही समजणार तुले."

मी आणि दीक्षानं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची दोन्ही बाजूंनी उचलली. खोलीतून जाताना मी खाली पाहिलं. मायनं दोन्ही पाय वर उचलून धरले होते. खुर्चीत बसली होती, आम्ही तिला उचललं होतं, तरी तिचे पाय त्या टाइलला लागू नयेत म्हणून ती आखडून बसली होती. कोठ्याच्या मातीच्या अंगणात आलो तेव्हा तिनं पाय खाली सोडले आणि तळवे मातीवर टेकले.  

तिला वाकता येत नव्हतं. मी एका बांबूला काथ्याचा जाड कुंचा बांधून दिला. खुर्चीत बसून, बांबू दोन्ही हातांत धरून, तिनं ओल्या सिमेंटवर पहिला अर्धा गोल ओढला. गोल वाकडा झाला. दुसरा बरा झाला. तिसऱ्यापासून तिचा हात लागला. गोलाचं तोंड ढाळाकडे, पाठ चढाकडे. पाणी सोडलं तर एका गोलातून दुसऱ्यात उतरेल आणि खूर ठेवला तर कुठं ना कुठं कडेला टेकेल. इतकी साधी गोष्ट. चाळीस वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर करत होती. मी ओल्या कोब्यावर फळ्या टाकून त्यांवर तिची खुर्ची मागे मागे सरकवत होतो आणि ती मागे सरकत सरकत एका बाजूचा अर्धा कोठा करून दारापाशी आली. उरलेला अर्धा तिनं मला करायला लावला आणि चुकलं तिथं पुसायला लावला. घाम आला होता तिला, आणि तोंड असं उजळलं होतं, जसं मी वर्षभर पाहिलं नव्हतं.

आठ दिवस कोब्यावर पाणी मारलं. सहाव्या दिवशी ओसरीत मैना आपली आपण उभी राहिली. पायांत लुगड्याची पट्टी, चाल लहान लहान, पण उभी. कुंदन साहेबांनी पोटाला परत कान लावला आणि दोन बोटं वर केली. दोन्ही पिल्लं जिवंत होती. माय खाटेवर बसून रडली. दीक्षाही रडली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

नवव्या दिवशी पट्टी सोडून मैनाला कोठ्याकडे नेलं. ती उंबऱ्याशी थांबली, एक खूर ठेवला, वाजवला. मग दुसरा. मग माझी वाट न पाहता आत गेली, बरोबर मधोमध उभी राहिली आणि मागचा एक पाय उचलून कान खाजवला. तीन पायांवर उभी राहून. खाला भिंतीवरून म्हणाली, "पास केलं तुले तिनं, मिस्त्री." दीक्षानं पाणी मारलं. पाणी गोलागोलांतून वळत नालीत गेलं, लेंड्या त्याच्याबरोबर गेल्या. ओल्या कोब्यावर मैना फिरत राहिली. मी जाऊन मायला सगळं सांगितलं, कान खाजवल्याचंसुद्धा. तिनं ते मला दोनदा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर मायची खाट रिकामी.

वॉकर भिंतीला टेकलेला होता. ओरडणारच होतो, तेवढ्यात खाली पाहिलं. खाटेपासून मागच्या दारापर्यंत पोती अंथरली होती. गव्हाची, तुरीची, एकाला एक लावून, त्या पांढऱ्या चकचकीत फरशीवरून एक वाट केली होती. दीक्षा चुलीपाशी होती. म्हणाली, "मीच टाकून देल्ली, अन् हात धरून कोठ्यापर्यंत नेलं. त्याइनं सांगतलं, प्रीतमले उठवू नको."

मी पोत्यांवरून चालत मागे गेलो. कोठ्यात, आपणच गोल ओढलेल्या कोब्यावर, माय अनवाणी उभी होती. एक हात मैनाच्या पाठीवर. दुसरा हात मोकळा. मला पाहून तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि तिसरं. गुडघे थरथरत नव्हते.

"इथं पाय टिकते रे," ती म्हणाली. "मले वाटे, माह्या पायातच जीव उरला नाही."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. मग म्हणालो, "माय, तुही चूक नव्हती. तुहे डोयेबी बरे हायेत. फरशीच तशी होती. म्या बसवलेली."

"मले मालूम हाये," माय म्हणाली. मैनाच्या काळ्या कानाला ती हळूहळू चोळत होती. "पहिल्या दिवशीच मालूम झालं होतं. पाय ठेवला ना, तवाच."

"मंग सांगतलं काहून नाही? दहा महिने झाले, मी लोकाइले सांगून राहिलो की तू पाहून चालत नाही. तूबी हो हो म्हणे."

"त्या दिवशी तू फरशीत पाहून भांग पाडला," ती म्हणाली. "तुहा बाप गेल्यापासून तुले तसा खुश म्या कधी पायला नव्हता. म्हटलं, कायले सांगाचं. संभायून चालीन."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. मैना माझ्याजवळ आली आणि खिशात पाला आहे का ते हुंगायला लागली. खिशात कंगवा होता. तो मी तिच्यापुढे धरला. तिनं चावून पाहिला आणि टाकून दिला.

मग मी उठलो आणि घण आणायला निघालो. "कुठं चालला?" मायनं विचारलं.

"तुह्या खोलीची फरशी फोडाले."

"फोडशीन. आधी मैनाले पाला टाक," ती म्हणाली. "आन खोलीत गोल मी ओढीन. तुले नाही जमत."